‘फक्त या लॉटपुरतं’

भोसरीच्या कारखान्यात मी क्वालिटीचं काम बघतो. मापात न बसलेला माल पुढे सोडायचा तर डेव्हिएशनचा कागद करावा लागतो. त्यावर लिहितात, ‘फक्त या लॉटपुरतं’. पहिला कागद बहुधा प्रामाणिक असतो. तिसऱ्या-चौथ्या कागदावर मात्र कारण येतं: ‘मागच्या वेळी तक्रार नव्हती.’ खोटं कुणीच बोलत नसतं, म्हणून तर हे ओळखायला कठीण जातं.

नव्या मुलांना मी ‘चॅलेंजर’चं उदाहरण देतो. 28 जानेवारी 1986 ला हे अवकाशयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत हवेतच तुटलं. त्यातले सातही जण गेले. बूस्टर रॉकेटचा सांधा बंद ठेवणारी रबरी ओ-रिंग थंडीत कडक झाली होती. डिझाइनप्रमाणे ती झिजायलाच नको होती, पण 1981 मध्ये या प्रकारच्या यानांच्या दुसऱ्याच उड्डाणात झीज दिसली. ते यान सुखरूप परतलं आणि झीज अंगवळणी पडली. पुढे एका रिंगेची त्रिज्या एक तृतीयांश झिजली, तेव्हा त्यातून ‘तिप्पट सुरक्षितता’ सिद्ध झाल्याचं मानलं गेलं. चौकशी आयोगातल्या रिचर्ड फाइनमन यांनी यावर नेमकं बोट ठेवलं: जे घडायलाच नको ते घडतंय, तर ती सुरक्षितता कसली?

उड्डाणाच्या आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीतल्या रॉजर बॉइजोली आणि इतर इंजिनिअरांनी थंडीमुळे विरोध केला. चर्चेत तुलना झाली ती नुकसान झालेल्या उड्डाणांचीच. सगळी मांडली असती तर दिसलं असतं की ओ-रिंगचं तापमान सुमारे 19 अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त असलेल्या 20 उड्डाणांपैकी 3 मध्येच बिघाड होता, त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत होता. शेवटी वरिष्ठांनी इंजिनिअरांचा सल्ला बाजूला सारला. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी 1996 च्या पुस्तकात दाखवलं की तिथे खलनायक नव्हते. रोजच्या कामातच चूक नेहमीची होऊन बसली होती. मला हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते.

म्हणून एकाच मापाचा दुसरा डेव्हिएशन आला की मी ड्रॉइंग मागवतो. माप उगाच कडक असेल तर डिझाइनवाल्यांनी ते रीतसर बदलावं. नसेल तर मशीन थांबवावं. प्रॉडक्शनवाले चिडतात. डिस्पॅचचं दडपण त्यांच्यावर असतं, ते मला कळतं. तरीही ‘तक्रार नाही’ एवढ्यावर मी सही करत नाही. किती नग मोजले, त्यातले किती बसले, किती बसले नाहीत, हे तिन्ही आकडे मला कागदावर लागतात.