दोन यंत्रे, दोन कौल

नांदेड लोकसभा मतदारसंघातील मतदारांना २० नोव्हेंबर २०२४ रोजी एकाच केंद्रावर दोनदा बटण दाबावे लागले. खासदार वसंतराव चव्हाण यांचे ऑगस्टमध्ये निधन झाल्यामुळे लोकसभेची पोटनिवडणूक आणि विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक यांचा दिवस एकच पडला होता. त्यामुळे बोटाला शाई लावून घेतलेला मनुष्य एका आडोशामागे पांढऱ्या मतपत्रिकेच्या यंत्रापुढे उभा राहून दिल्लीला कोणास धाडावयाचे ते ठरवीत होता, आणि लागलीच गुलाबी मतपत्रिकेच्या यंत्रापुढे जाऊन मुंबईच्या कारभाराचा फैसला करीत होता. मोजणी झाली तेव्हा भोकर, नांदेड उत्तर, नांदेड दक्षिण, नायगाव, देगलूर आणि मुखेड या सहाही विधानसभा जागा महायुतीच्या पदरात पडल्या होत्या. लोकसभेची जागा मात्र वसंतरावांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण यांनी काँग्रेसकडे राखली. त्यांना ५,८६,७८८ मते मिळाली आणि भाजपचे संतुक हंबर्डे अवघ्या १,४५७ मतांनी मागे राहिले.

आता अशी कल्पना करावी की मतदानाच्या आदल्या दिवशी एखादा पाहणीकार नांदेडच्या वजिराबादेत उभा राहिला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास 'राज्यकर्त्यांच्या कामगिरीवर आपण समाधानी आहात काय?' एवढेच विचारू लागला. त्याच्या वहीत जो आकडा जमला असता, त्यावरून दुसऱ्या दिवशीच्या या दोन निकालांपैकी नेमका कोणता वाचता आला असता?

हा प्रश्न ज्या देशात नित्याचा झाला, तो देश अमेरिका. तेथे गॅलप यांच्या संस्थेने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून राष्ट्राध्यक्षांच्या कारभाराबद्दल जनतेची पसंती-नापसंती विचारण्याचा परिपाठ घालून दिला. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या सुमारे एक हजार माणसांस प्रश्न विचारला, तर कोट्यवधींच्या देशाचे मत तीन टक्क्यांच्या अधिक-उण्या फरकाने सांगता येते, हे त्यामागील गणित निर्विवाद आहे. परंतु आकडा अचूक असणे निराळे आणि त्याचा अर्थ उमगणे निराळे. हॅरी ट्रुमन यांची पसंती १९४५ मध्ये ८७ टक्के होती, ती १९५२ च्या प्रारंभी २२ टक्क्यांवर आली. आणि पुढे इतिहासकारांनी त्याच ट्रुमन यांना थोर अध्यक्षांच्या पंक्तीत बसविले. २००१ च्या सप्टेंबरात धाकट्या बुश यांची पसंती पन्नाशीच्या आसपास रेंगाळत होती. न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ती ९० टक्क्यांवर गेली, आणि २००८ च्या अखेरीस २५ वर उतरली. त्या दोन आठवड्यांत अमेरिकन नागरिक राज्यकारभाराविषयी अधिक जाणते झाले, असे कोणी म्हणणार नाही. संकटाच्या घटकेस राष्ट्र आपल्या प्रमुखाभोवती गोळा झाले, इतकेच आकड्याने टिपले.

मतदार किती जाणता असतो, याविषयी पंडितांचे मत फारसे उत्साहवर्धक नाही. अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच असे प्रतिपादन केले की, लाखो मतांत आपल्या एका मताचे वजन नगण्य असल्याने, राजकारणाची बारीकसारीक माहिती मिळविण्यात वेळ न दवडणे हेच सामान्य माणसाच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण त्यात 'माहिती' म्हणजे पाठ्यपुस्तकात असते तीच, असे गृहीत धरलेले आहे. देगलूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास वित्त आयोग म्हणजे काय हे कदाचित सांगता येणार नाही. पण पीकविम्याचे पैसे कोणत्या साली खात्यावर आले आणि कोणत्या साली नुसता पंचनामाच झाला, याचा जमाखर्च त्याच्या तोंडपाठ असतो.

लातूर ग्रामीण मतदारसंघाचा २०१९ चा निकाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. तेथे काँग्रेसचे धीरज देशमुख १,३५,००६ मते मिळवून निवडून आले, आणि दुसऱ्या क्रमांकावर कोणी मनुष्य नव्हताच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निवाड्यामुळे यंत्रावर आलेल्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायास २७,५०० मते पडली होती, आणि युतीचा शिवसेनेचा उमेदवार साडेतेरा हजारांच्या आसपास थांबला होता. जागावाटपात ही जागा शिवसेनेकडे गेल्याने भाजपच्या स्थानिक कार्यकर्त्यांत असंतोष होता. पुढे २०२४ मध्ये भाजपचे रमेश कराड स्वतः रिंगणात उतरले, तेव्हा त्याच मतदारसंघाने धीरज देशमुखांस साडेसहा हजारांहून अधिक मतांनी पराभूत केले. समाधानी आणि असमाधानी अशा दोनच रकान्यांच्या तक्त्यात, 'पक्ष मान्य, पण हा उमेदवार नको' असे म्हणणारा मतदार कोठे मांडावयाचा?

तथापि या मतदाराचे अतिरिक्त कौतुक करणेही सत्यास धरून होणार नाही. जेथे जबाबदारीची वाटणी धूसर असते, तेथे त्याचाही गोंधळ उडतो. मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्या टंचाईचा दोष पावसाचा, उसाखालील वाढत्या क्षेत्राचा, राज्याच्या जलनीतीचा, की नळ सोडणाऱ्या महापालिकेचा? वर्षभराने महापालिकेची निवडणूक झाली, आणि मावळत्या सभागृहात एकही सदस्य नसलेल्या भाजपने ७० पैकी ३६ जागा जिंकून काँग्रेसची सत्ता घालविली. या पालटात पाण्याचा वाटा किती, वाऱ्याचा किती आणि नेत्यांच्या मसलतीचा किती, हे कोणत्याही मतपेटीतून वेगळे काढता येत नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात शेजारच्या नांदेड-वाघाळा महापालिकेत मात्र काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा मिळविल्या, म्हणजे हा वारा सर्वत्र सारखा वाहत होता असेही म्हणता येत नाही.

नांदेडच्या दोन यंत्रांबाबतही तोच विवेक बाळगला पाहिजे. सगळ्याच मतदारांनी दोन्हीकडे तोलूनमापून निराळा कौल दिला, असे मुळीच नाही; विधानसभेच्या रिंगणातील इतर उमेदवारांमुळे झालेली मतांची फाटाफूट आणि दिवंगत खासदारांविषयीची सहानुभूती हीही कारणे त्यात असणारच. तरीही प्रश्न दोन निरनिराळ्या यंत्रांवर मांडले गेले म्हणूनच दोन निरनिराळी उत्तरे मिळू शकली, ही गोष्ट नजरेआड करता येणार नाही. पसंतीची टक्केवारी याच्या नेमके उलट करते: लातूरच्या आडतीवर तूर आणि सोयाबीन एकाच काट्यावर ओतून दोहोंचा मिळून एकच भाव पुकारावा, तसे ती केंद्र, राज्य, पक्ष, उमेदवार आणि यंदाचा पाऊस यांविषयीची मते एकत्र करून एक आकडा हाती देते.

शिवाय आपल्या संसदीय पद्धतीत सत्तेचा मार्ग लोकप्रियतेच्या सरळ रेषेत जात नाही. शिवराज पाटील चाकूरकर १९८० पासून लातूरचे लागोपाठ सात वेळा खासदार झाले. २००४ मध्ये त्याच लातूरने रूपाताई पाटील निलंगेकर यांस निवडून दिले, आणि पराभूत चाकूरकर काही दिवसांतच देशाचे गृहमंत्री झाले. उलट, १९९५ मध्ये लातूरने नाकारलेले विलासराव देशमुख १९९९ मध्ये त्याच मतदारांच्या बळावर मुख्यमंत्रिपदी पोहोचले.

तेव्हा अमक्या नेत्याची पसंती इतके टक्के, असे वृत्तपत्रात वाचले की प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत विचारला, कोणास विचारला आणि कोणत्या घटनेच्या मागोमाग विचारला, याची चौकशी आधी करावी. मतदार अडाणी आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी तर याहून अवघड कामास हात घालावा: पाणी कोणाच्या अखत्यारीत, रस्ता कोणाच्या, विमा कोणाच्या, हे गावच्या चावडीवर लेखी लावून द्यावे. कोणत्या कामाचा जाब कोणास विचारावयाचा एवढे कळले, की तो विचारण्यास मराठवाड्याचा मतदार मागेपुढे पाहत नाही, हे त्याने मोठमोठ्यांना घरी बसवून पुरेसे दाखविले आहे.