खोली गार झाली, पण हवा बदलली का?

मार्च संपता संपता नांदेड आणि लातूरमध्ये खिडक्या बंद व्हायला लागतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. दुपारच्या झळा आत येऊ नयेत म्हणून पडदे ओढले जातात आणि घरात, दुकानात, दवाखान्यात कूलर किंवा एसी सुरू होतो. पूर्वी हा मान कूलरचा होता. आता लातूरच्या शिकवणी वर्गांच्या परिसरात किंवा नांदेडच्या बाबानगर, श्यामनगर भागात फिरले, की इमारतींच्या भिंतींवर एसीच्या बाहेरच्या युनिटांच्या रांगा दिसतात. आत 'नीट' आणि 'जेईई'ची तयारी करणारी मुले दाटीवाटीने तासन्‌तास बसलेली असतात.

या बदलात एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. कूलर बाहेरची हवा ओढतो, ओल्या गवतातून गाळून आत सोडतो आणि समोरची खिडकी उघडी असेल, तर आतली कोंदट हवा बाहेर ढकलतो. म्हणजे कूलर गारवाही देतो आणि हवाही बदलतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी मात्र खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. ताजी हवा तो आणत नाही. खोली गार झाल्याने हवा चांगली असल्याचा भास होतो, इतकेच.

साठ मुलांच्या खोलीचा हिशेब

दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि तीन मीटर उंच वर्गखोली घेऊ. तिच्यात २४० घनमीटर हवा मावते. शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. साठ मुलांचा मिळून हा वायू तासाला हजार लिटरवर जातो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असते. दारे-खिडक्या पूर्ण बंद असलेल्या खोलीत ते आठ-दहा मिनिटांत हजार भागांवर जाईल आणि तासाभरात साडेचार हजारांच्या पुढे. दाराच्या फटींतून थोडी हवा ये-जा करते, म्हणून प्रत्यक्षातला आकडा काहीसा कमी भरतो. पण दिशा हीच राहते.

या पातळीवरचा कार्बन डायऑक्साइड विषारी नाही. तरी तो चांगला खबऱ्या आहे. तो जितका जास्त, तितकी आपण दुसऱ्यांनी सोडलेली हवा पुन्हा श्वासात घेत आहोत असे समजावे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतील हवेसाठी हजार भागांची मर्यादा सुचवली होती. आजही व्यवहारात साधारण तोच आकडा वापरला जातो. कोंदट खोलीत जांभया येतात, डोके जड होते, हा अनुभव सर्वांचा आहे. एकाग्रतेवर नेमका किती परिणाम होतो, याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत. संसर्गाबाबत मात्र शंका उरलेली नाही.

त्याचा पुरावा अमेरिकेतील बाल्टिमोर येथे मिळाला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या एका रुग्णालयात क्षयरुग्णांच्या कक्षातली हवा नळीतून वरच्या बाजूला ठेवलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांपर्यंत नेण्यात आली. रुग्णांशी कोणताही संपर्क नसताना गिनीपिगांना क्षयाची लागण झाली. ज्या पिंजऱ्यांकडे जाणाऱ्या हवेवर अतिनील किरणांचा मारा केला होता, तिथले प्राणी मात्र वाचले. क्षय हवेतून पसरतो, हे त्यातून सिद्ध झाले. कोविडने तोच धडा पुन्हा शिकवला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घराबाहेरच्या बंद जागांसाठी माणशी सेकंदाला किमान १० लिटर ताजी हवा सुचवली. साठ मुलांच्या वर्गाला याचा अर्थ सेकंदाला ६०० लिटर.

बाहेर ४२ अंश, आत २७

इथेच खरी अडचण आहे. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना एवढी हवा सरळ आत घेतली, तर ती २७ अंशांवर आणण्यासाठी सुमारे तीन टन क्षमतेचा एसी फक्त या हवेवर खर्ची पडेल. वीजबिल पाहून कोणीही खिडकी बंदच करील. कूलरकडे परत जावे, तर त्याला पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी कूलरला पाणी कुठून आणायचे? शिवाय पावसाळी दमट हवेत कूलरचा उपयोग फारसा होत नाही.

यावर अभियंत्यांनी काढलेला तोडगा म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर, थोडक्यात 'ईआरव्ही'. मराठीत त्याला ऊर्जा वाचवणारे वायुवीजन यंत्र म्हणता येईल. त्यात दोन पंखे असतात. एक आतली हवा बाहेर फेकतो, दुसरा बाहेरची आत आणतो. दोन्ही प्रवाह एका गाभ्यातून जातात. हा गाभा पातळ पडद्यांच्या थरांचा किंवा हळूहळू फिरणाऱ्या चाकाचा असतो. बाहेर जाणारी गार हवा आत येणाऱ्या गरम हवेची उष्णता स्वतःकडे घेते. सत्तर टक्के कार्यक्षमता धरली, तर ४२ अंशांची हवा साडेएकतीस अंशांपर्यंत उतरून आत येते आणि एसीवरचा तीन टनांचा भार एका टनाच्या आत येतो. पंख्यांना लागणारी वीज यात वाढते; पण बचतीपुढे ती थोडी असते.

साध्या उष्णता-विनिमय यंत्राहून ईआरव्हीचे वेगळेपण असे, की तो ओलावाही अदलाबदल करतो. ऑगस्टच्या दमट दिवसांत बाहेरचा ओलावा तो बऱ्याच अंशी बाहेरच ठेवतो. मेच्या कोरड्या हवेत आतला ओलावा टिकवतो, त्यामुळे घसा फारसा कोरडा पडत नाही. डिसेंबरच्या सकाळी त्याची गरजच नसते. तेव्हा गाभ्याला वळसा घालून थेट थंड हवा घेण्याची सोय असलेले यंत्र निवडावे, किंवा सरळ खिडक्या उघडाव्यात.

गच्चीवर बसवताना

मोठ्या खोलीसाठीचे यंत्र शे-दोनशे किलोंचे किंवा त्याहून जड असते. जागेअभावी ते बहुधा गच्चीवर जाते. डोक्यावरचे वजन ही लातूरकरांसाठी पुस्तकी गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडी भिंती आणि मातीची जड माळवदे कोसळून हजारो माणसे गेली. अलीकडे, मार्च आणि जुलै २०२४ मध्येही हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले धक्के नांदेडपर्यंत जाणवले. म्हणून यंत्र कुठे ठेवायचे, हे विक्रेत्याने नव्हे, तर संरचना अभियंत्याने ठरवावे. भार बीम आणि कॉलमवर जायला हवा. पत्र्याच्या शेडवर, कठड्यावर किंवा पाण्याच्या टाकीच्या स्लॅबवर यंत्र ठेवू नये. खाली लोखंडी चौकट, कंपने शोषणारे रबरी पॅड आणि चौकटीला बोल्टने पक्की बांधणी हवी. वळवाच्या वाऱ्याने पत्रे उडतात, तिथे नुसते ठेवलेले यंत्रही सरकू शकते.

नळीसाठी स्लॅबला भोक पाडताना सळ्या कापल्या जाणार नाहीत, याची खात्री अभियंत्याकडून करून घ्यावी. भोकाभोवती उंच कडा बांधून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे, नाहीतर पहिल्याच पावसात वर्गात गळती सुरू होते.

हवा कुठून घ्यायची, हा पुढचा प्रश्न. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेची तोंडे एकमेकांपासून किमान तीन मीटर लांब आणि वेगवेगळ्या दिशांना असावीत; एरवी फेकलेलीच हवा परत आत येते. स्वच्छतागृहाचे व्हेंट पाइप, हॉटेलची चिमणी आणि विशेषतः जनरेटरचा धूर यांपासून आत येणारे तोंड दूर हवे. वीज गेली की जनरेटर सुरू होतो आणि त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड थेट वर्गात जाऊ शकतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो. उन्हाने तापलेल्या स्लॅबलगतची हवा अधिक गरम असते, म्हणून तोंड जमिनीपासून उंच ठेवावे. पावसाचे पाणी आत न जाण्यासाठी झुकती झडप आणि कबुतरांसाठी जाळी लावावी. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते.

स्वच्छतागृहाची हवा या यंत्राला जोडू नये. फिरत्या चाकाच्या यंत्रात बाहेर जाणाऱ्या हवेचा थोडा अंश आत येणाऱ्या हवेत मिसळतो. त्यामुळे रुग्णालयातल्या क्षयाच्या किंवा अन्य संसर्गाच्या कक्षासाठी ते वापरू नये; तिथली हवा थेट बाहेर गेली पाहिजे.

हवेची नळी मजल्यांमधून जाते, तेव्हा आगीचा धूरही त्याच वाटेने पसरू शकतो. २४ मे २०१९ रोजी सुरत येथील व्यापारी संकुलाच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, तात्पुरत्या बांधकामात चाललेल्या शिकवणी वर्गात आग पोहोचली आणि २२ जणांचा जीव गेला. मराठवाड्यातही अनेक इमारतींच्या गच्चीवर शेड टाकून वर्ग भरतात. म्हणून मजला ओलांडताना नळीत आगरोधक झडप असावी, आगीचा इशारा मिळताच पंखे आपोआप बंद व्हावेत आणि यंत्र किंवा नळीमुळे जिन्याची वाट अडू नये.

वीज, उंची आणि ऊन

कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या मराठवाड्याला नव्या नाहीत. कारणेही तीच असतात: सदोष अर्थिंग, उघडे जोड, ओले हात. गच्चीवरच्या यंत्राला हेच धोके आहेत. त्याला स्वतंत्र वाहिनी, तपासलेले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. गळती होताच वीज तोडणारी ही पेटी महिन्यातून एकदा 'टेस्ट' बटण दाबून पाहावी. यंत्राशेजारी पावसापासून सुरक्षित असा बंद करण्याचा स्विच असावा. जवळून ११ केव्हीची वाहिनी जात असेल, तर इमारतीपासून आडवे १.२ मीटर आणि उभे ३.७ मीटर अंतर हे कायद्याने किमान आहे. यंत्र चढवताना हातातली लोखंडी शिडी किंवा पाइपही हे अंतर मोडू शकतो, हे विसरू नये.

दुरुस्तीच्या वेळी खालून कुणीतरी नकळत स्विच चालू करतो आणि वर फिटरचा हात पंख्यात असतो. हा अपघात टाळायला एमसीबीला कुलूप लावावे, 'काम चालू आहे' अशी पाटी टांगावी आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशात ठेवावी. पंखा पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये. मोटरच्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ शिल्लक असते, तेही ध्यानात ठेवावे. काम दोघांनी करावे. कठडा नसलेल्या कडेजवळ कमरपट्टा आणि दोर बांधावा. फायबरच्या पत्र्यावर पाय देऊ नये. एप्रिल-मेमध्ये काम सकाळी दहाच्या आत संपवावे आणि ढगांचा गडगडाट ऐकू येताच खाली उतरावे.

बसवले आणि विसरले, असे नको

यंत्राचा खरा शत्रू धूळ आहे. सोयाबीनच्या मळणीपासून उन्हाळ्याच्या वावटळींपर्यंत या भागाला धुळीची कमी नाही. फिल्टर चोंदला की पंखा फिरत राहतो, आवाजही येतो, पण हवा येत नाही. धुळीच्या दिवसांत फिल्टर दर पंधरवड्याला पाहावा, एरवी महिन्यातून एकदा. तो काढताना एन-९५ मास्क लावावा आणि लगेच पिशवीत बांधावा. गच्चीवर झटकू नये. गाभा मात्र पाण्याने धुऊ नये. पडद्याचे अनेक गाभे पाण्याने निकामी होतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत धुण्याची परवानगी नसेल, तर मऊ ब्रशच्या व्हॅक्यूमनेच धूळ काढावी. पावसाळ्याआधी पाणी वाहून नेणारी नळी, गंजलेले बोल्ट आणि वायरींचे आवरण तपासावे. साठलेल्या पाण्यावर बुरशी धरते आणि डासही होतात.

यंत्र काम करते की नाही, याची परीक्षा आवाजावरून होत नाही. भिंतीवर कार्बन डायऑक्साइड मोजणारा छोटा मीटर लावावा. माणशी दहा लिटर हवा मिळत असेल, तर भरलेल्या वर्गातही आकडा हजाराच्या आत राहतो. तो चढू लागला, तर आधी फिल्टर पाहावा.

सर्वांनाच हे यंत्र लागते असे नाही. चार माणसांच्या घरात सकाळ-संध्याकाळ समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या आणि स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा चालवला, तरी बरेच भागते. माळवदाच्या जुन्या घरांत छताला साणे ठेवत, ते उजेडासाठी तसेच धूर आणि कोंदट हवा वर निघून जावी म्हणूनही. गरज आहे ती दाटीच्या, बंद आणि गार केलेल्या खोल्यांना: शिकवणी वर्ग, अभ्यासिका, दवाखान्यांचे प्रतीक्षाकक्ष. तिथेही यंत्र येईपर्यंत एक उपाय आजच करता येतो. दोन तासांमधल्या दहा मिनिटांत एसी बंद करून सगळी दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. आणि मुलाचा प्रवेश घेताना पालकांनी शुल्क, निकाल आणि एसीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: या खोलीत ताजी हवा कुठून येते?