पत्ता कोठून मोजावयाचा?

पत्ता सांगण्याच्या रीती मुख्यतः दोनच आहेत. एक रीत बोलणारा जेथे उभा असेल तेथून मोजते. दुसरी सर्वांना ठाऊक असलेल्या एका स्थिर स्थानापासून मोजते. आपल्याकडील खरेदीखतांत शेताची चतुःसीमा लिहितात : पूर्वेस अमक्याचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट. ही पहिली रीत होय. शेजारचे शेत विकले गेले, ओढ्याने पात्र बदलले, की शब्द तेच राहतात आणि अर्थ निसटतो. जिल्हा, तालुका, गाव व गट क्रमांक ही दुसरी रीत. ती रुक्ष खरी. परंतु वाचणारा नागपुरात असो वा इंदुरात, ती त्यास एकाच जमिनीपाशी नेऊन पोचविते.

संकेतस्थळ रचणाऱ्यापुढे हाच प्रश्न पदोपदी उभा राहतो. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे, चित्राकडे अथवा अर्जाच्या नमुन्याकडे बोट दाखवावयाचे, तर तो मार्ग कोठून मोजावा?

चंदीगड शहराकडे पाहिले असता ही गोष्ट चटकन ध्यानात येते. १९५१ साली ल कॉर्बुझिए यांनी त्याच्या आराखड्याचे काम हाती घेतले आणि सामान्यतः ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा सेक्टरांत नगर विभागले. पहिल्या सेक्टरात विधानसभा, सचिवालय व उच्च न्यायालय. तेथे घर क्रमांक आणि सेक्टर एवढे सांगितले की शहराच्या कोणत्याही टोकाकडून माणूस त्या दारापर्यंत पोचतो. आता विमानतळाकडे जाणाऱ्या मार्गावर, मोहालीच्या हद्दीत वसविलेली एयरोसिटी पाहा. तेथील विभागांना अक्षरांची नावे आहेत. वसाहतीच्या आत ‘सी ब्लॉक’ एवढे दोन शब्द पुरतात. तेच शब्द दुसऱ्या वसाहतीत उच्चारले, तर रिक्षावाला तेथील सी ब्लॉक शोधू लागेल. शब्द चुकीचे नाहीत. मोजण्याचे ठिकाण बदलले एवढेच.

संगणकाच्या भाषेत पहिल्या प्रकारास सापेक्ष मार्ग आणि दुसऱ्यास मुळापासूनचा मार्ग म्हणता येईल. समजा, एका स्थळावर विहीर-अनुदानाचे पान ‘/कृषी/योजना/विहीर’ येथे आहे आणि बोधचिन्ह ‘/चित्रे/मुद्रा’ येथे. आरंभीची तिरकी रेघ म्हणजे स्थळाचे मूळ. पानात ‘/चित्रे/मुद्रा’ असे लिहिले, तर ब्राउझर सरळ मुळाशी जाऊन खाली उतरतो. ‘../../चित्रे/मुद्रा’ असे लिहिले, तर तो पानाच्या फोल्डरापासून, म्हणजे ‘योजना’पासून, निघतो. दोन टिंबांची प्रत्येक जोडी एक पायरी वर नेते : प्रथम ‘कृषी’, मग मूळ. दोन्ही वाटा एकाच चित्रापाशी मिळतात.

भेद कळतो तो स्थलांतराच्या वेळी. हेच पान उद्या ‘/कृषी/अर्ज/जुने/विहीर’ येथे हलविले, तर दोन पायऱ्या चढून ब्राउझर ‘कृषी’पर्यंतच पोचेल आणि तेथे नसलेले ‘चित्रे’ शोधील. मुळापासूनचा मार्ग मात्र शाबूत राहील. पण याउलटही घडते. एखाद्या कार्यालयाचे सबंध स्थळ दुसऱ्या मोठ्या स्थळाच्या पोटातील फोल्डरात ठेवले, की मूळच बदलते. आरंभी तिरकी रेघ असलेला प्रत्येक दुवा नव्या यजमानाच्या मुळाशी जाऊन रिकाम्या हाताने परततो. या प्रसंगी सापेक्ष मार्ग तरतात, कारण सर्व बिऱ्हाड एकत्र हलले तरी त्यातील परस्परांची अंतरे तीच असतात. ज्या गावी जाळे पोचत नाही तेथे पाने पेनड्राइव्हवरून दाखवावी लागतात. तेथेही सापेक्ष मार्गच उपयोगी पडतो, कारण मुळाचा शोध तेथे त्या डिस्कच्या मुळाशी जातो.

आणखी एक खोच आहे. पानाचे रंगरूप ठरविणारी शैलीची फाइल वेगळी असेल, तर तीमधील सापेक्ष मार्ग त्या फाइलीच्या स्थानापासून मोजले जातात, पानापासून नव्हे. तसेच पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ असणे व नसणे यांतही अंतर आहे : ती असली म्हणजे शेवटचे नाव फोल्डर मानले जाते, नसली तर ते नाव सोडून त्याआधीच्या पायरीपासून मोजणी सुरू होते. हे नियम रचणाऱ्याच्या मर्जीवर नाहीत. इंटरनेटच्या मानकांत ते १९९५ साली नोंदविले गेले आणि २००५ साली सुधारून मांडले गेले.

तेव्हा व्यवहाराचा नियम असा : ज्या वस्तू नेहमी एकत्र राहावयाच्या व एकत्र हलावयाच्या, त्यांचे परस्परसंबंध सापेक्ष ठेवावेत. जे सर्व पानांना समान आहे, म्हणजे बोधचिन्ह, वरची पट्टी, मुखपृष्ठाचा दुवा, ते मुळापासून मोजावे. मात्र स्थळाचे मूळ स्थिर राहणार याची खात्री असावी.

आपल्या कार्यालयीन लिखाणात ‘उपरोक्त पत्रान्वये’ असे म्हणतात आणि शासन निर्णयावर स्वतंत्र संकेतांकही घालतात. दोन्हींची गरज असते. पण कागद फाइलीतून सुटा झाला, की ‘उपरोक्त’ मुका होतो आणि संकेतांक तेवढा बोलत राहतो.

एकत्रीकरण योजनेत सर्व्हे क्रमांकांचे गट क्रमांक झाले, तेव्हा जुन्या व नव्या क्रमांकांचा मेळ दाखविणारी नोंद ज्याच्या हाती होती, त्याची जमीन कागदावर हरवली नाही. संकेतस्थळ हलविताना जुन्या पत्त्यावर आलेल्यास नव्या पत्त्याकडे वळविण्याची सोय हीच ती नोंद होय. पडद्यावर ‘४०४’ हा आकडा उमटतो, तेव्हा रचणाऱ्याच्या दृष्टीने एक दुवा तुटलेला असतो. परंतु अर्जाच्या शेवटच्या दिवशी तालुक्याच्या सेवा केंद्रात रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते एक बंद दारच असते. मार्ग लिहिणाऱ्याने पत्ता कोठून मोजला, यावर ते दार उघडणे अवलंबून असते.