थंडीची बेगमी

नेरळची थंडी माथेरानावरून उतरते. सूर्यास्तानंतर सुमारे आठशे मीटर उंचीच्या त्या पठारावरील हवा निवून जड होते आणि ओहोळांच्या वाटांनी, पाण्यासारखीच, पायथ्याच्या सखल भागात येऊन साचते; म्हणून ज्या गावात भर दुपारी अंगावरचा सदराही नकोसा होतो, त्याच गावात पहाटे दाराची कडी काढताना लोखंडाचा गारठा बोटांना झोंबतो. अशा मुलखात खोल्या तापविण्याचा खर्च कोणी करीत नाही. तापवावयाचे असते ते पाणी, आणि मार्गशीर्ष-पौषात घरखर्चाच्या वहीत जी वाढ दिसते ती बहुतांशी न्हाणीघरातून आलेली असते. वीस लिटरांची एक बादली वीस अंशांनी ऊन करावयाची तर विजेचे जवळजवळ अर्धे युनिट लागते; पाच माणसांच्या घरात हा आकडा महिनाअखेर सत्तर युनिटांच्या घरात जातो. ज्याची मिळकत बेताची आहे त्याला हा आकडा लहान नव्हे.

गेल्या वर्षी घटस्थापनेपासून माघी गणेशजयंतीपर्यंत मी नेरळला आत्याबाईंच्या जुन्या कौलारू घरात राहिलो, आणि थंडीची बेगमी म्हणून ज्या गोष्टीचे नाव मी केवळ ऐकले होते ती आरंभापासून अखेरपर्यंत पाहिली. तिची सुरुवात घामाच्या दिवसांत होते हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. पावसाळ्यात पडवीला रचलेले सरपण, वर कौले असूनही, हवेतील ओल शोषून मऊ पडलेले असते. आश्विनातले कडक ऊन पडू लागताच ते सारे अंगणात काढून, खाली दोन आडवी लाकडे घालून, मधून वारा जाईल असे आडवे-उभे रचावे लागते. नव्या मोळीचे लाकूड निराळे आणि जुने निराळे. रोज दुपारी बाजू पालटावयाच्या, रोज सायंकाळी दवाच्या आधी वर ताडपत्री ओढावयाची. आठ दिवसांनी माझा धीर सुटला आणि पुरे वाळले असे मी म्हणालो, तेव्हा आत्याबाईंनी एका आकाराचे दोन ढलपे माझ्या दोन्ही हातांत दिले.

“वजन बघ. जड आहे त्यात पाणी आहे. त्याला विस्तव लावशील तर आधी ते स्वतःला कोरडं करील, आणि उरलं तर तुझी बादली तापवील.”

मी पुढे कागदावर हिशेब मांडला, तो आत्याबाईंच्या बोलण्याशी तंतोतंत जुळला. लाकडात दडलेल्या एका लिटर पाण्याची वाफ होऊन ती निघून जाण्यास सुमारे 615 किलोकॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत वीस लिटरांची बादली तीस अंशांनी तापते. म्हणजे ओल्या लाकडातून धुराबरोबर एक लिटर पाणी उडून गेले की एक आंघोळ वाया गेली. काटकसर चुलीपाशी होते अशी माझी समजूत होती. ती खरे पाहता अंगणात, महिनाभर आधी झालेली असते. वाळलेले लाकूड ओळखण्याच्या खुणाही मी तेथेच शिकलो: टोकांना भेगा पडतात, साल नखाने सुटते, आणि दोन ढलपे एकमेकांवर मारले तर ओल्यातून बद्द आवाज येतो, कोरड्यातून टणक.

दुसरे काम बंबाचे. पुण्याच्या तांबट आळीत घडलेला आत्याबाईंचा तांब्याचा बंब त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा आहे. त्याची रचना इतकी साधी व इतकी शहाणपणाची आहे की तिच्याकडे मी पुष्कळ वेळ नुसता पाहत बसे. मधोमध उभे नळकांडे, त्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राखेला व वाऱ्याला मोकळी जागा, आणि नळकांड्याभोवती चहूबाजूंनी पाणी. हंड्याखालच्या आगीच्या ज्वाळा हंड्याच्या अंगावरून निसटून जातात. बंबातील आग मात्र पाण्याच्या पोटातच असते, तिची धग जावयाची झाली तरी पाण्याला शिवल्यावाचून जाऊ शकत नाही. नेरळच्या माणसाला हे तत्त्व अपरिचित असण्याचे कारण नाही. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली दोन फूट रुंदीची माथेरानची रेल्वे 1907 साली सुरू झाली, आणि तिच्यावर जर्मनीच्या ओरेनस्टाइन व कोपेल कंपनीची जी वाफेची इंजिने चढत असत, त्यांच्या बाष्पपात्रांतही आग पाण्याने वेढलेल्या नळ्यांतूनच वाहत असे. इंजिनात नळ्या अनेक, बंबात एक, घराणे एकच.

बंबाला एके ठिकाणी पाझर होता. तेथे डाख देववून आणला, नळकांड्यातील काजळी काथ्याच्या बोळ्याने खरवडून काढली, बाहेरून चिंच व राख लावून तो उजळला. काजळी काढण्याला मी महत्त्व देतो, कारण तिचा जाड थर म्हणजे आग आणि तांबे यांच्यामध्ये घातलेली गोधडीच होय. या सर्व कामाची मुदत पंचांगाने ठरविलेली असते. नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी बंब घासून, पाण्याने भरून, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात. पहाटेच्या अभ्यंगाला तो पेटलाच पाहिजे, तेथे सबब चालत नाही.

त्यानंतरचा रोजचा शिरस्ता असा. साडेचार वाजता नळकांड्यात प्रथम नारळाची शेंडी, तिच्यावर करवंटीचे दोन तुकडे, मग बोटाएवढ्या काटक्या. ज्वाळेने पिवळा रंग धरला म्हणजे पहिला ढलपा. एकाच वेळी नळकांडे भरू नये, ही आत्याबाईंची सक्त ताकीद होती, कारण वारा कोंडला की धूर होतो, आणि काळा धूर म्हणजे न जळलेले लाकूडच आभाळात जाते. अर्ध्या तासाने पहिली बादली, ती घरातील सर्वांत वृद्ध माणसाची. जितके काढले तितके थंड पाणी लगेच वरून घालावयाचे, म्हणजे विस्तव रिकामा बसत नाही. एकामागून एक आंघोळी उरकल्या की निखाऱ्यांत रताळे. एक किलो कोरड्या लाकडात साडेतीन हजार किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. तिचा तिसरा हिस्सा जरी पाण्यात उतरला तरी तीन बादल्यांच्या जवळपास पाणी होते, आणि आमच्या घरी रोज दोन किलोंच्या आत भागे.

या निखाऱ्यांचे भयही त्या घराला ठाऊक आहे. एका पौषात, फार वर्षांपूर्वी, उरलेले निखारे शेगडीत भरून ती घरातील आजीच्या बंद खोलीत ठेवली होती. सकाळी आजीला उठवेना, डोके फुटत होते, खिडक्या उघडल्यावर ती सावरली. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरचेही हेच भय. तेव्हापासून त्या घरात रात्रीच्या उबेचा भार गोधड्यांवर आहे: जुन्या लुगड्यांचे थर, त्यांच्या मध्ये अडकलेली हवा, आणि दिवाळीनंतर दिलेली दोन दिवसांची उन्हे.

सरपण आणणाऱ्या बाईविषयी लिहिल्यावाचून हा वृत्तांत पुरा होणार नाही. ती डोंगराच्या अंगच्या कातकरी वाडीतील. पडलेल्या, वाळलेल्या फांद्यांची मोळी डोक्यावर घेऊन ती सकाळी आठच्या सुमारास दारात उभी राही. आत्याबाई मोळीतले एक लाकूड मोडून पाहत, मग तिला चहा देत. तिच्या घराच्या भिंती कारवीच्या कुडाच्या. पावसाळा सरला की त्यांना शेणमातीने लिंपून फटी बुजविणे, एवढीच तिची थंडीची बेगमी. दिवाळी झाल्यावर मात्र ती दिसेनाशी झाली. तिच्या वाडीतील पुष्कळ कुटुंबे त्या सुमारास वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, आणि ज्या पौषासाठी तिने आमचे अंगण लाकडांनी भरले, तो पौष ती मुलांबाळांसह उघड्या रानात, पेंढ्याच्या खोपटात काढते. आमच्या काटकसरीच्या हिशेबात मी लाकडाचा दर लिहिला होता. तो दर किती थोडा आहे हे मला तेव्हा दिसले, आणि पुढच्या आश्विनात ती आली तर घासाघीस करावयाची नाही असे मी आत्याबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, “मी कधी केली? पण तू सांगितलंस ते बरं केलंस. आता वाढवूनच देऊ.”

माघात शेतावरून नवे वाल आले. तोपर्यंत बंबाखालची राख जुन्या पत्र्याच्या डब्यात साठत आली होती. आत्याबाईंनी ती बारीक चाळणीने चाळली, बियाण्याचे वाल निवडून तिच्यात घोळले आणि किडीने धरू नये म्हणून वरून आणखी चार ओंजळी राख पसरून झाकण लावले. हे वाल भातकापणीनंतर, पुन्हा बंब पेटेल त्याच सुमारास, ओलीवर पेरावयाचे होते. डबा मी उचलून माळ्यावर ठेवला. तो अजून कोमट होता.