एकच सूर, दोन तारा

इंडियानापोलिसचा जॅझ गिटारवादक वेस माँटगोमेरी प्लेक्ट्रम वापरत नसे. तारांवर फिरायचा तो उजव्या हाताचा अंगठा. त्याच्या वादनात एकेरी सुरांची धून मध्येच भरदार होते, कारण प्रत्येक सुरासोबत तो वरच्या सप्तकातला तोच सूर छेडू लागतो.

पाचवी तार मोकळी छेडली की सेकंदाला ११० कंपने होतात. तिसऱ्या तारेवर दुसरा पडदा दाबला की २२०, बरोबर दुप्पट. त्यामुळे वरच्या सुराचे उपस्वर खालच्याच्या उपस्वरांवर नेमके बसतात आणि कानाला एकच, पण जाड सूर ऐकू येतो.

खरी कसरत मधली तार गप्प ठेवण्याची. पहिल्या बोटाने खालचा सूर दाबायचा आणि त्याच बोटाच्या मऊ भागाने मधली तार हलकेच झाकायची. मग अंगठा बिनधास्त फिरवा.

शेजारच्या तारांत पाच अर्धस्वरांचे अंतर असते. तिसरी-दुसरी या जोडीत मात्र चार. म्हणून सहावी-चौथी आणि पाचवी-तिसरी या जोड्यांवर बोटांत दोन पडद्यांचा फरक पुरतो. चौथी-दुसरी आणि तिसरी-पहिलीवर तीन लागतात. नवशिके इथेच अडखळतात. तक्ते घोकण्यापेक्षा खालचा सूर गाऊन वरचा वाजवावा, असे माझे मत. (शेजाऱ्यांची झोप सांभाळून!)

षड्ज-पंचमाकडे त्यानंतर वळावे. तिथले शुद्ध प्रमाण ३:२. गिटारच्या पडद्यांवर पंचम त्याहून केसभर उतरलेला असतो.