दहा टन हवेखालचं तावदान

थर्मासच्या दोन भिंतींमधली हवा काढून टाकली की आतला चहा तासन्‌तास गरम राहतो. जेम्स देवार या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ साली ही युक्ती शोधली. मग खिडकीच्या दोन काचांमधली हवाही का काढू नये? १९१३ सालीच झोलर नावाच्या जर्मन संशोधकाने त्यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. तशी काच प्रत्यक्ष हातात यायला मात्र आणखी पाऊण शतक जावं लागलं.

अडचण आकाराची होती. थर्मासची नळी गोल असते, त्यामुळे बाहेरच्या हवेचा दाब ती सहज पेलते. सपाट काचेला हे जमत नाही. दोन तावदानांमधली हवा काढली, की वातावरण त्यांना दोन्ही बाजूंनी दाबू लागतं. हा दाब चौरस मीटरला सुमारे दहा टन असतो. काचा आत वाकतात, एकमेकींना चिकटतात किंवा सरळ फुटतात. त्यांना दूर ठेवायचं तर मधे टेकू हवेत, आणि टेकू दिला की त्याच्यातूनच उष्णता वाहू लागते. या तंत्राची सगळी कसरत या एका पेचात आहे.

सिडनी विद्यापीठात रिचर्ड कॉलिन्स आणि स्टीफन रॉबिन्सन यांनी १९८९ मध्ये हा पेच सोडवला. काचांमधलं अंतर त्यांनी अगदी कमी ठेवलं, मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग. थर जाड हवा असा आपला समज असतो, पण पोकळीतली हवा पुरेशी उपसलेली असेल तर जाडीने काही फरक पडत नाही. या फटीत सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाचे खांब असतात, दोन खांबांमध्ये साधारण २० मिलिमीटर अंतर. म्हणजे चौरस मीटरला अडीच हजार खांब आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चार किलो भार. खांब विरळ केले तर उष्णता कमी वाहते, पण प्रत्येकावरचा भार वाढतो आणि त्याच्या टोकाशी काचेला सूक्ष्म शंकूसारखे तडे जाऊ शकतात. दाट केले तर काच सुरक्षित, पण उष्णतेची गळती वाढते. चार-पाच फुटांवरून हे ठिपके दिसत नाहीत. जवळून दिसतात, आणि काही ग्राहकांना ते खटकतातही.

कारखान्यातलं काम धीराचं आहे. एका काचेला बारीक भोक पाडून त्यात नळी बसवतात. काचा लख्ख धुतात, यंत्राने खांब मांडतात, वर दुसरी काच ठेवतात आणि कडेला लवकर वितळणाऱ्या काचेच्या भुकटीचा लगदा भरतात. भट्टीत सुमारे ४५० अंशांना हा लगदा वितळून दोन्ही काचांची कड एकजीव होते. मग काच तापलेली ठेवूनच नळीतून हवा उपसतात. तापवण्याचं कारण असं, की काचेच्या पृष्ठभागाला पाण्याची वाफ आणि वायू चिकटलेले असतात. ते आताच निघाले नाहीत, तर पुढे वर्षानुवर्षं पाझरून पोकळी नासवतात. शेवटी नळीचं टोक वितळवून बंद करतात. उरलासुरला वायू शोषणारा पदार्थही आत ठेवता येतो. पोकळी प्रारणाने होणारी गळती अडवत नाही, म्हणून आतल्या बाजूला उष्णता परतवणारा अतिपातळ लेप लागतोच.

निप्पॉन शीट ग्लास या जपानी कंपनीने १९९७ मध्ये ‘स्पेशिया’ नावाने ही काच बाजारात आणली. तिची जाडी अवघी सहा मिलिमीटरच्या आसपास होती. नेहमीची दुहेरी काच चोवीस मिलिमीटरची, जुन्या लाकडी चौकटीत ती मावतच नाही. त्यामुळे ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या जुन्या इमारतींना या काचेचा मोठा आधार झाला. पॅनासोनिकने तर २०१३च्या अखेरीस प्लाझ्मा टीव्हीचे पडदे बनवणं थांबवल्यावर तीच विद्या खिडक्यांकडे वळवली. प्लाझ्मा पडदा म्हणजेही कडा बंद केलेल्या दोन काचाच की! जुनं कसब वाया जाऊ न देण्याची ही हुशारी मला फार आवडते.

टफन केलेल्या, म्हणजे मुद्दाम अधिक मजबूत बनवलेल्या काचेने मात्र बराच काळ दमवलं, कारण ४५० अंशांच्या भट्टीत तिची कमावलेली ताकद उतरते. म्हणून कमी तापमानाला कड बंद करण्याचे मार्ग शोधले गेले. अल्स्टर विद्यापीठात इंडियम धातू वापरून २०० अंशांच्या आत हे साधलं. आता चीनमध्येही टफन केलेल्या काचेची निर्वात तावदानं बनतात.

आपल्याकडे ही काच लावावी का? एक अंश तापमानफरकाला चौरस मीटरमागे साध्या एकेरी काचेतून जवळपास ५.७ वॅट उष्णता जाते, उत्तम निर्वात काचेतून एक वॅटहूनही कमी. बाहेर ३५ आणि खोलीत २५ अंश असतील, तर बचत पन्नासेक वॅटची. पण थेट ऊन पडलं, की साध्या काचेतून चौरस मीटरमागे कित्येक शे वॅट आत येतात, आणि ते अडवण्याचं काम पोकळीचं नाही. मुंबई-पुण्यात पश्चिमेच्या खिडकीला आधी बाहेरून छज्जा किंवा पडदा हवा, मग ऊन परतवणारी लेपाची काच. लेह-शिमल्याच्या थंडीत किंवा शीतगृहाच्या दारात या तावदानाचे पैसे खरे वसूल होतील. विक्रेता फक्त पोकळीचं कौतुक सांगू लागला, तर त्याला आधी विचारा, ‘या काचेतून ऊन किती आत येतं?’