संमतीची व्याख्या कायद्यात स्पष्ट. समाजमनात मात्र संभ्रम कायम

रायपूर : छत्तीसगड उच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी २०२५ रोजी दिलेल्या एका निकालामुळे लैंगिक संबंधांतील ‘संमती’चा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. जगदलपूर येथील एका पतीवर पत्नीशी तिच्या इच्छेविरुद्ध अनैसर्गिक संबंध ठेवल्याचा आरोप होता. डिसेंबर २०१७ मधील या घटनेनंतर पत्नीचा रुग्णालयात मृत्यू झाला. मृत्यूपूर्वी तिचा जबाब कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी नोंदवला होता. सत्र न्यायालयाने २०१९ मध्ये पतीला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. कायद्यातील अपवादामुळे वैवाहिक संबंधांत पत्नीच्या संमतीच्या अभावाला महत्त्व उरत नाही, असा या निकालाचा आशय होता.

या निकालाविषयी तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. मात्र संमती म्हणजे नेमके काय, ती कोणी, केव्हा व कशी द्यायची असते आणि आरोप झाल्यावर समाज कोणाकडे संशयाने पाहतो, हे प्रश्न एका निकालापुरते मर्यादित नाहीत.

व्याख्या काय सांगते?

भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार संमती म्हणजे स्त्रीने शब्द, हावभाव किंवा अन्य मार्गाने विशिष्ट लैंगिक कृतीसाठी दर्शवलेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून स्त्रीने संमती दिली असे मानता येणार नाही, हेही कायद्याने नमूद केले आहे. भीती दाखवून, नशेच्या अमलाखाली किंवा फसवणुकीने मिळवलेला होकार ग्राह्य धरला जात नाही. अठरा वर्षांखालील मुलीच्या संमतीला कायदेशीर अर्थच नाही.

२०१३ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर ही व्याख्या कायद्यात आली. तिच्या मागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा आरंभ छत्तीसगडला लागून असलेल्या विदर्भात झाला. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील, आता गडचिरोलीत असलेल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांची सुटका केली. मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते.

उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून या निकालाला आव्हान दिले. शरण जाणे आणि संमती देणे या भिन्न गोष्टी आहेत, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. देशभर आंदोलने झाली. १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतील अत्याचारात पीडितेने संमती नाकारल्याचे सांगितल्यास संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरण्याची तरतूद आली.

लग्नाच्या आश्वासनाचा पेच

जनमानसात सर्वाधिक संशय निर्माण होतो तो लग्नाचे आमिष दाखवून संबंध ठेवल्याच्या तक्रारींविषयी. डिसेंबर २०२० मध्ये छत्तीसगड राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षा किरणमयी नायक यांनी बिलासपूर येथे बोलताना, बहुतांश प्रकरणांत मुली संमतीने संबंध ठेवतात आणि नाते तुटल्यावर बलात्काराची तक्रार करतात, अशा आशयाचे विधान केले. त्यावर टीका झाली, तसे समर्थनही झाले. स्त्रियांच्या तक्रारी ऐकण्यासाठी असलेल्या संस्थेच्या प्रमुखांनीच असे म्हणावे, यावरून ही धारणा किती खोलवर रुजली आहे हे दिसते.

न्यायालयांनी मात्र या प्रश्नाचे सरसकट उत्तर दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाचे २०१९ मधील दोन निकाल शेजारी ठेवल्यास फरक स्पष्ट होतो. छत्तीसगडमधील एका डॉक्टराच्या प्रकरणात आरोपीचा विवाहाचा हेतू आरंभापासूनच नव्हता, असे आढळल्याने न्यायालयाने त्याची दोषसिद्धी कायम ठेवली आणि शिक्षा दहावरून सात वर्षांवर आणली. महाराष्ट्रातील दुसऱ्या प्रकरणात मात्र दीर्घ काळ चाललेल्या संबंधांनंतर विवाह झाला नाही, एवढ्यावरून गुन्हा सिद्ध होत नाही, असे सांगत गुन्हा रद्द केला. आश्वासन देतानाच ते खोटे होते काय आणि स्त्रीच्या निर्णयाचा त्याच्याशी थेट संबंध होता काय, या दोन कसोट्या त्यातून पुढे आल्या. वचन मोडणे वेगळे आणि मुळात खोटे वचन देणे वेगळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम ६९ ने अशा फसवणुकीसाठी दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हा निर्माण केला आहे.

‘सुटला’ म्हणजे तक्रार खोटी?

आरोपी सुटला की तक्रार खोटी होती, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. साक्षीदार उलटणे, पुरावा गोळा करण्यास उशीर होणे, वैद्यकीय तपासणीतील त्रुटी अशा अनेक कारणांनी तो सिद्ध होत नाही. सिद्ध न झालेली आणि हेतुपुरस्सर खोटी केलेली तक्रार यांत कायदा फरक करतो. खोटी माहिती देणाऱ्याविरुद्ध कारवाईची तरतूद आहे. निर्दोष व्यक्तीलाही संरक्षण मिळायलाच हवे. पण त्यासाठी प्रत्येक तक्रारदार स्त्रीला आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याची गरज नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदवले गेले. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या परिचयाचा होता. अंधाऱ्या रस्त्यावरील अनोळखी हल्लेखोर ही जनमानसातील प्रतिमा या आकड्यांशी जुळत नाही. आरोपी नातेवाईक, शेजारी वा मित्र असला की ‘ती तिथे गेलीच कशाला’, ‘इतके दिवस गप्प का राहिली’ हे प्रश्न आधी येतात आणि अनेकदा घरातूनच येतात. उशिराने तक्रार होण्याचे एक कारण या प्रश्नांची धास्ती हेच असते.

विवाहाच्या उंबरठ्यावर

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) पतीला लैंगिक आजार असणे, त्याचे अन्य स्त्रियांशी संबंध असणे किंवा पत्नी थकलेली असणे अथवा तिची इच्छा नसणे या तिन्ही कारणांसाठी पत्नीने नकार देणे योग्य आहे, असे ८० टक्के स्त्रिया आणि ६६ टक्के पुरुषांनी सांगितले. म्हणजे पत्नीचा नकाराचा हक्क बहुसंख्य लोक तत्त्वतः मान्य करतात. कायदा मात्र त्यांच्या मागे आहे. पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर पतीची कृती बलात्कार ठरत नाही, हा अपवाद न्याय संहितेतही कायम आहे. वर्मा समितीने तो काढण्याची शिफारस केली होती. सरकारने ती स्वीकारली नाही.

याच उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये एका पतीला बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले, तरी अनैसर्गिक संबंधांचा, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ चा आरोप कायम ठेवला होता. न्याय संहितेत त्या कलमाला स्थानच नसल्याने तो मार्गही आता बंद झाला आहे. दिल्ली उच्च न्यायालयात २०२२ मध्ये या अपवादावर दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला.

तक्रारीनंतरची पहिली पावले

पीडित स्त्रियांना एकाच छताखाली मदत देणारे देशातील पहिले ‘सखी’ केंद्र १६ जुलै २०१५ रोजी रायपूरमध्येच सुरू झाले. वैद्यकीय मदत, समुपदेशन, पोलीस व कायदेविषयक साहाय्य आणि तात्पुरता निवारा अशा सेवा अशा केंद्रांत मिळतात. १८१ या महिला हेल्पलाइनवरूनही मदत मागता येते. घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते आणि सरकारी वा खासगी रुग्णालयाला मोफत उपचार नाकारता येत नाहीत. पीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. ही मनाई समाजमाध्यमांवर नाव फिरवणाऱ्यांनाही लागू होते.

या साऱ्या सोयी पीडितेपर्यंत पोहोचतात त्या बहुधा तिने विश्वासात घेतलेल्या पहिल्या व्यक्तीमार्फत. ती आई असते, बहीण असते, मैत्रीण असते किंवा ठाण्यातील हवालदार. खरे-खोटे ठरवणे हे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे. पहिल्या ऐकणाऱ्याचे काम तेवढे कठीण नाही : तिचे म्हणणे पूर्ण ऐकणे, तिला उपचारांपर्यंत नेणे आणि तक्रारीचा निर्णय तिच्यावर सोपवणे. पीडिता अल्पवयीन असेल तर मात्र घटनेची माहिती पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे.